नेम एकाचा, मान सर्वांचा

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत असा निरोप चिटणीसबाईंनी पाठविला, तेव्हा विषय कोणता घेऊ म्हणून मी त्यांनाच विचारले. त्या म्हणाल्या, "बाई, आपल्यात सध्या जे चालले आहे त्यावरच बोला. पण कोणी रागावणार नाही असे बोला." पहिली गोष्ट मला जमेल. दुसरीची हमी मात्र मी देत नाही.

आपल्यात सध्या काय चालले आहे, ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. आपल्या मंडळात माळकरी बायका आहेत. त्यांचे एकादशीचे भजन कित्येक वर्षे चालत आले आहे. काही जणी स्वामी समर्थांचे नाम घेतात. काहींच्या घरी इष्टलिंगाची पूजा आहे. अलीकडे काही जणी दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करून आल्या. आठवड्यातून एक संध्याकाळ तासभर शांत बसण्यासाठी सभागृह मिळावे, अशी त्यांनी मागणी केली. त्यावरून बोलाचाली झाली. एक म्हणाली, "नाकाच्या शेंड्याकडे बघत बसून का कोठे देव भेटतो?" दुसरी म्हणाली, "टाळ कुटून तरी मनातले काय जाते?" दोघी रोज पहाटे उठून साधना करणाऱ्या. दोघींची साधना खरी. आणि तरीही त्या दिवसापासून एकमेकींशी बोलणे तोडून बसल्या आहेत.

मला याचेच नवल वाटते. जिने कधी डोळे मिटून घटकाभर बसून पाहिले नाही, तिने ध्यानाची थट्टा केली तर समजू शकते. पण मन आवरणे किती अवघड आहे हे जिने स्वतः अनुभवले, तिने दुसरीच्या धडपडीची थट्टा करावी? जी स्वतः पोहायला शिकते आहे, तिने तरी पलीकडच्या घाटावर गटांगळ्या खाणारीला हसू नये. म्हणून आज माझा विषय हा : ध्यान करणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या ध्यानमार्गाकडे कोणत्या नजरेने पाहावे?

आपल्या गावाची शिदोरी

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास आपल्याला लांब जाण्याचे कारण नाही. मंगळवेढ्याला संतांची भूमी म्हणतात. हे वाक्य आपण प्रत्येक कार्यक्रमात ऐकतो आणि टाळ्या वाजवितो. पण हे संत एका पंथाचे नव्हते, ही गोष्ट आपण फारशी ध्यानात घेत नाही.

बाराव्या शतकात बिज्जलाच्या पदरी असलेल्या बसवेश्वरांची कारकीर्द कल्याणला जाण्यापूर्वी येथे मंगळवेढ्यात घडली. त्यांनी सांगितलेला मार्ग कोणता? देवळातील देवावर अवलंबून राहू नये. आपले इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यावे आणि त्यावर दृष्टी स्थिर करावी. पुढे चौदाव्या शतकात जयतीर्थ झाले. 'न्यायसुधा' लिहिणारे, मध्वमताचे थोर टीकाकार, म्हणून त्यांना टीकाचार्य म्हणतात. परंपरा त्यांना मंगळवेढ्याचेच मानते. त्यांचे मत असे की जीव निराळा, ईश्वर निराळा, आणि हा भेद कधीही पुसला जाणार नाही. त्याच शतकात चोखोबा झाले. त्यांचे ध्यान म्हणजे विठ्ठलाचे नाम. मग दामाजीपंत झाले. कान्होपात्रा झाली, तिला परंपरेत कोणी गुरूच नाही, तिने आपली वाट आपणच धरली. एकोणिसाव्या शतकात अक्कलकोटचे स्वामी समर्थ अक्कलकोटास जाण्यापूर्वी काही काळ येथे राहिले. ते १८५६ साली अक्कलकोटास गेले.

आता विचार करा. तळहातावरील लिंगाकडे पाहणारे, द्वैताचा सिद्धांत मांडणारे, नाम घेणारे, आणि गुरूवाचून तरलेली एक गणिकेची मुलगी, या सर्वांना आपण एका दमात 'आमचे संत' म्हणतो. गावाच्या वेशीवरच्या कमानीत सगळ्यांना जागा आहे. मग आपल्या सभागृहात का नसावी? दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार उघडल्याची कथा आपण मुलांना सांगतो. धान्य देण्यापूर्वी त्यांनी कोणाला "तू कोणाचे नाम घेतोस?" असे विचारल्याचे त्या कथेत कोठेही नाही.

चोखोबा दाराबाहेर का राहिले?

येथे कोणी म्हणेल, "ही सगळी गोड बोलणी झाली. मोठ्या मनाने वागा, एवढेच ना?" नाही. हा प्रश्न नुसत्या गोडव्याचा नाही, आणि ते कळण्यासाठी चोखोबांकडेच गेले पाहिजे.

चोखोबा विठ्ठलाचे ध्यान करीत. देवळात पूजा करणारेही विठ्ठलाचेच ध्यान करीत. देव एक, नाम एक, गाव एक. तरी चोखोबांना दाराच्या आत येऊ दिले नाही. येथे गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि त्यांना मृत्यू आला. परंपरेप्रमाणे ते साल १३३८. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास नेल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. समाधीदेखील दारापर्यंतच गेली. पुढे सहाशे वर्षांनी, १९४७ साली, साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणास बसावे लागले, तेव्हा कोठे त्या दाराचा प्रश्न मार्गी लागला.

चोखोबांची पत्नी सोयराबाई आणि बहीण निर्मळा याही अभंग रचीत. म्हणजे ते सारे घरच साधकांचे होते. त्यांच्या साधनेत उणे काय होते? काहीही नाही. उणे होते ते आतल्या लोकांत. त्यांचा जप चुकत नव्हता, सोवळे चुकत नव्हते, पण त्या जपाने त्यांच्या मनाची कडी निघाली नव्हती. भगिनींनो, ध्यान करणाऱ्याचे मन मोठे नसेल, तर ते ध्यान दुसऱ्याच्या अंगावर भिंत होऊन पडू शकते. मी हा विषय हलका मानीत नाही, तो यासाठी.

आणखी एक गोष्ट सांगते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्य कोण होते याविषयी एक इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो त्यांनी तिघा संतांच्या स्मृतीस अर्पण केला. नंदनार, रविदास आणि आपले चोखामेळा. बाबासाहेबांनी चोखोबांचा मार्ग स्वीकारला नाही. नाम घेऊन दाराबाहेर उभे राहणे त्यांना मान्य नव्हते. आठ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास त्यांनी बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली. मार्ग निराळा, तरीही चोखोबांच्या थोरवीपुढे त्यांनी आपला ग्रंथ ठेवला. दुसऱ्याच्या मार्गाने न जाता त्याचा मान कसा राखावा, याचा याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही.

निंबाळचे गुरुदेव

आता आपल्या शेजारी चला. आपल्या तालुक्याच्या दक्षिणेस जत तालुका लागतो. त्यात उमदी नावाचे गाव आहे. त्याच्या पलीकडे, आज कर्नाटकात असलेल्या विजापूर जिल्ह्यात, इंचगेरी आहे, आणि सोलापूर ते विजापूर या लोहमार्गावर निंबाळ नावाचे लहानसे स्थानक आहे. या तीन गावांनी ध्यानाची एक मोठी परंपरा जगाला दिली, आणि आपण तिच्या इतक्या जवळ असून आपल्यातील पुष्कळ जणींना ती नीट ठाऊक नाही.

या परंपरेचे निंबर्गी महाराज हे लिंगायत समाजातील, संसारात राहिलेले, कन्नड बोलणारे सत्पुरुष. त्यांच्याकडून आलेले नाम उमदीचे भाऊसाहेब महाराज यांना मिळाले. ते देशस्थ ब्राह्मण, जन्म १८४३ चा. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मणाने लिंगायत गुरूच्या नामावर आयुष्य वाहावे, ही साधी गोष्ट नव्हती. भाऊसाहेबांनी इंचगेरीस मठ स्थापिला. त्या कानडी मुलुखातील मठात वाचला जाणारा मुख्य ग्रंथ कोणता, तर समर्थ रामदासांचा मराठी 'दासबोध'. त्यांच्या थोर शिष्यांत जतच्या शिवलिंगव्वा होत्या, स्त्री होत्या म्हणून मागे राहिल्या नाहीत. १९१४ साली भाऊसाहेब गेले. त्यांच्या ध्यानाचा नेम कडक. रोज कित्येक तास बसावे, झोप येऊ लागली तर उभे राहून नाम घ्यावे, पण नेम मोडू नये.

याच भाऊसाहेबांकडून १९०१ साली एका पंधरा वर्षांच्या मुलाने नाम घेतले. जमखंडीचा हा मुलगा म्हणजे रामचंद्र दत्तात्रेय रानडे, पुढे ज्यांना लोक गुरुदेव रानडे म्हणू लागले. ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकवीत. पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि तेथे कुलगुरुपदापर्यंत पोहोचले. पण त्यांचे खरे घर निंबाळ. तेथेच ६ जून १९५७ रोजी त्यांनी देह ठेवला.

गुरुदेवांच्या आयुष्यातील दोन गोष्टी एकत्र पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही की गुरूने दिलेले नाम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. आज हे करून पाहू, उद्या ते करून पाहू, असे त्यांनी केले नाही. दुसरी ही की त्यांनी वाचले मात्र सर्वांचे. १९२६ साली उपनिषदांवरील ग्रंथ लिहिला. १९३३ साली महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारावर मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम आणि रामदास सारे आले. १९५४ साली कबीर, सूरदास, तुळसीदास या हिंदी संतांवरील ग्रंथ निघाला. कन्नड संतांवरील ग्रंथ त्यांच्या पश्चात १९६० साली प्रसिद्ध झाला. त्यात शिवशरणही आहेत आणि हरिदासही आहेत.

एवढेच नव्हे. तुकाराम महाराजांना देव भेटेना तेव्हा त्यांच्या जिवाची जी तळमळ झाली, तिला नाव देताना गुरुदेवांनी शब्द घेतला तो स्पेन देशातील सोळाव्या शतकातल्या एका ख्रिस्ती साधूचा. क्रूसाचा संत योहान हे त्यांचे नाव. त्या साधूने म्हटले होते की ईश्वराकडे जाताना जिवाला एक काळोखी रात्र ओलांडावी लागते. देहूचा वाणी आणि स्पेनचा साधू यांची रात्र एकच आहे, हे गुरुदेवांना दिसले. का दिसले? ते स्वतः त्या रस्त्याने चालत होते म्हणून. सर्व देशांचे आणि सर्व काळांचे संत मिळून ईश्वराचा एकच समाज होतो, तेथे जात, पंथ आणि देश यांच्या भिंती नाहीत, असे त्यांचे मत होते.

त्याच संत योहानांच्या काळात, त्यांच्याच देशात, संत तेरेसा नावाची एक जोगीण होऊन गेली. १५१५ ते १५८२ हा तिचा काळ. ध्यान कसे वाढते हे सांगताना तिने बागेला पाणी घालण्याचा दाखला दिला आहे. पहिल्याने विहिरीतून बादलीने पाणी ओढावे लागते. कष्ट फार, पाणी थोडे. मग रहाट बसतो. कष्ट कमी, पाणी जास्त. मग ओढ्याचे पाणी आपोआप वाहत येते. आणि शेवटी पाऊस पडतो, तेव्हा माणसाला काहीच करावे लागत नाही. सांगा, हा दाखला समजण्यासाठी मंगळवेढ्याच्या बाईला ख्रिस्ती व्हावे लागेल काय? पाण्याची किंमत आपल्याएवढी कोणाला ठाऊक आहे? ती परकी बाई आपल्याच शेतातले बोलते आहे. मन मोठे ठेवले की असा लाभ होतो. दुसऱ्याच्या शब्दातून आपल्याच साधनेचा अर्थ उजळतो.

मुंगी आणि पाखरू

पण पंथापंथांतील भांडण एक वेळ परवडले, एकाच गुरूच्या लेकरांतील भांडण फार कडू. तेही या परंपरेत घडले आहे, आणि त्यातही आपल्याला शिकण्यासारखे आहे.

भाऊसाहेब महाराजांचे आणखी एक शिष्य म्हणजे सिद्धरामेश्वर महाराज. जन्म १८८८ चा, आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील पाथरी गावचा. गुरूंच्या पश्चात त्यांच्या मनात विचार आला की दीर्घ ध्यानाचा मार्ग हा मुंगीचा मार्ग आहे. ती फळापर्यंत पोहोचते, पण हळूहळू. याला पिपीलिका मार्ग म्हणतात. विचाराने, विवेकाने, पाखरू जसे थेट फळावर जाऊन बसते तसे जाता येणार नाही काय? त्याला विहंगम मार्ग म्हणतात. गुरुबंधूंना हे रुचले नाही. आपल्या महाराजांनी असे शिकविले नाही, असे ते म्हणाले. सिद्धरामेश्वरांनी गुरूंचा अनादर केला नाही आणि आपला शोधही थांबविला नाही. १९३६ साली ते गेले.

या दोन्ही वाटांनी काय घडले पाहा. मुंगीच्या वाटेने गुरुदेव रानडे झाले. पाखराच्या वाटेने मुंबईस निसर्गदत्त महाराज झाले, खेतवाडीत राहणारे आणि विड्यांचे दुकान चालविणारे संसारी गृहस्थ. कोणती वाट खोटी म्हणावी?

निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणून १९७३ साली जगापुढे ठेवली ती कोणी? मॉरिस फ्रिडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या ज्यू गृहस्थांनी. व्यवसायाने ते इंजिनियर. गांधीजींच्या सहवासात राहिले, तिरुवण्णामलैस रमण महर्षींच्या पायाशी बसले, कृष्णमूर्तींची व्याख्याने ऐकली. औंध संस्थानात लोकांच्या हाती राज्यकारभार देण्याच्या प्रयोगात त्यांचा हात होता. आपल्या शेजारी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत आहे, ती उभी करण्यातही ते होते. ज्यावरून शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हे चित्र काढले, तीच ही वसाहत. खुल्या मनाच्या साधकाचे हात असे कामाला लागतात. ज्याने इतकी दारे पाहिली, त्याला कैद्याच्या दारावरचे कुलूपही खुपू लागले.

दहा दिवसांचा नियम

आता विपश्यनेविषयी. सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे, एका सनातनी मारवाडी घराण्यात झाला. डोकेदुखीने ते हैराण होते. कोणी त्यांना सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे जाण्यास सुचविले. हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते आणि ध्यानही शिकवीत. गोएंकांच्या मनात भीती ही की बौद्धांचे ध्यान केले तर आपला धर्म जाईल काय? शिक्षकाने त्यांना धर्म बदलण्यास सांगितले नाही. उलट, नुसती डोकेदुखी बरी करण्यासाठी येणार असाल तर येऊ नका, असे बजावले. १९५५ साली गोएंकांनी दहा दिवस देऊन पाहिले. १९६९ साली ते भारतात आले, आणि १९७६ साली इगतपुरीस धम्मगिरी सुरू झाली. २०१३ साली ते गेले. एका मारवाड्याने ब्रह्मी गुरूकडून घेतलेली विद्या आपल्या नाशिक जिल्ह्यात रुजली, आणि तेथून आपल्या मंडळापर्यंत आली.

त्या शिबिरात एक नियम असतो, की दहा दिवस आपला जप, माळ, पूजा, दुसरे कोणतेही ध्यान, सर्व बाजूस ठेवावे. त्यावरून आपल्या माळकरी भगिनी दुखावल्या. "आमचे नाम सोडायला सांगतात, हे कसले मोठे मन?" असे त्या म्हणतात. त्यांचे दुःख मला कळते. ज्या नामाशिवाय उभ्या जन्मात एक दिवस गेला नाही, ते दहा दिवस ठेवणे सोपे नाही, आणि ज्यांना ते ठेववत नाही त्यांनी जाऊ नये. त्यात कमीपणा काही नाही. पण तो नियम नामाची निंदा करण्यासाठी नाही, हेही खरे. दोन औषधे एकदम घेतली तर गुण कोणत्या औषधाचा, ते वैद्यालाही सांगता येत नाही. एका रीतीला प्रामाणिकपणे पारखायचे तर काही दिवस तीच एक केली पाहिजे.

दोष नियमात नाही. दोष पुढे घडतो. शिबिराहून परत आलेली बाई दिंडीला गोंगाट म्हणू लागली, किंवा भजनी बाई शांत बसणारीला नास्तिक म्हणू लागली, तर समजावे की साधना डोक्यापर्यंत गेली, अंतःकरणात उतरली नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण संसारात आहेच. ती निदान ध्यानाच्या आसनापर्यंत तरी येऊ नये.

मोठे मन म्हणजे काय नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठे मन म्हणजे सगळे थोडेथोडे करणे नव्हे. सोमवारी एक शिबिर, गुरुवारी दुसरे केंद्र, रविवारी मोबाईलवर तिसरे प्रवचन. याला एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणतात. आपल्या काळ्या रानात ज्वारी पेरतात. एकदा मालदांडी पेरली की शेतकरी ती दर आठवड्यास उकरून पाहत नाही, आणि शेजाऱ्याची करडई पाहून आपली ज्वारी मोडत नाही. पण शेजाऱ्याची करडई उपटावी असेही त्याला वाटत नाही. आपल्या रानावर निष्ठा आणि शेजाऱ्याच्या बांधाचा मान, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखाने राहतात.

तसेच, मोठे मन म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवणे नव्हे. ध्यानात डोळे मिटावेत. गुरू निवडताना उघडे ठेवावेत. जो पैशासाठी अडवितो, जो औषध बंद करावयास सांगतो, जो बाईला एकान्तात बोलावितो, जो चमत्कार आणि भीती दाखवितो, त्याच्या पंथाचे नाव काहीही असो, त्याच्यापासून दूर राहावे. अशा भोंदूंसाठीच महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला आहे. आणि ज्या बहिणीला मनाचा मोठा आजार आहे, तिने दीर्घ मौनाच्या शिबिरास जाण्यापूर्वी डॉक्टरांस अवश्य विचारावे. अशी विचारपूस म्हणजे काही मन कोते असणे नव्हे.

घरातील कसोटी

माझ्या मते या विषयाची खरी परीक्षा सभागृहात होत नाही, घरात होते. आपल्याकडे बाईच्या साधनेला स्वतःचे घर फार थोडे मिळाले. माहेरी वडिलांचे दैवत, सासरी सासऱ्यांचा गुरू. संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात ब्राह्मण घरातील स्त्री असून तुकोबांना गुरू मानले, तेव्हा नवऱ्याचा केवढा रोष त्यांना सोसावा लागला! आज आपल्यापैकी पुष्कळ जणी सासवा झाल्या आहेत. सून येते. तिच्या माहेरी समर्थांचे नाम असते, आपल्या घरी पांडुरंग असतो. किंवा तिला कोणतेच नाम नको असते, सकाळी दहा मिनिटे श्वासाकडे पाहत शांत बसावेसे वाटते. आपण तिला ती दहा मिनिटे देतो काय? की "आमच्या घरात हे चालत नाही" म्हणून चहाचे आधण तिच्या हाती देतो?

ती डोळे मिटून बसली असता भांड्यांचा आवाज न करणारी सासू ही, माझ्या दृष्टीने, मोठी साधक आहे. आणि सुनेनेही सासूच्या माळेकडे जुन्या काळची अडगळ म्हणून पाहू नये. त्या मण्यांवर चाळीस वर्षांची पहाट मोजली गेली आहे.

तीन सूचना

बोलणे लांबले. आता तीन सूचना करते आणि थांबते.

पहिली. सभागृह आठवड्यातून एक संध्याकाळ शांत बसणाऱ्यांस द्यावे, आणि एकादशीचे भजन आहे तसे चालावे. कोणाचीही वेळ कोणासाठी कापू नये. जागा एक आहे, पण दिवस सात आहेत.

दुसरी. महिन्यातून एकदा एका भगिनीने आपल्या साधनेविषयी पाऊण घटका बोलावे. मात्र प्रचार नको. आपण काय करतो, त्यात काय अडते, एवढेच सांगावे. माझे मत असे आहे की साधनेत कोणाला काय मिळाले यावर वाद होतात, पण काय अडते हे सांगितले की सगळ्या एक होतात. झोप सगळ्यांनाच येते. दुधावर साय आली की नाही हे सगळ्यांनाच आठवते. सुनेचा राग जपातही येतो आणि श्वासातही येतो.

तिसरी. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून आपल्या गावातील स्थाने पाहावीत. चोखोबांचे, दामाजीपंतांचे, कान्होपात्रेचे, बसवेश्वरांचे. जमल्यास एकदा आगगाडीने निंबाळास जावे. आणि जाताना माळकरी बाईने विपश्यना करणारीच्या शेजारी बसावे, एवढी अट ठेवावी.

प्रत्येकीने आपापला नेम घट्ट धरावा. तो सोडा असे मी कोणालाही म्हणत नाही. पण रोज आसनावरून उठताना स्वतःला एक प्रश्न विचारावा : आज माझ्या मनाचे दार काल होते त्यापेक्षा थोडे अधिक उघडले काय? उत्तर "होय" आले, तर आपली वाट बरोबर आहे, मग ती कोणतीही असो. उत्तर "नाही" आले, तर नाम बदलू नये, मार्ग बदलू नये. ज्या बहिणीशी बोलणे तोडले आहे, तिच्याकडे जाऊन चहा घ्यावा.

त्या दोघी आज येथे, सभागृहाच्या दोन टोकांना बसल्या आहेत, हे मी पाहते आहे. चहा मंडळाने केलेलाच आहे.